घरत मॅडमनी न दिलेलं पान

लिपस्टिक हातात आली की बाई आधी टोपण काढते, रंग बघते आणि मनगटावर एक रेघ ओढते. घरत मॅडम तिला आधी उलटी करायच्या. बुडाला चिकटवलेली मुंगीएवढ्या अक्षरांची चिठ्ठी चष्मा कपाळावर चढवून वाचायच्या आणि मग टोपण काढायच्या. रंग आवडला तर तोंडभरून कौतुकही करायच्या. पण क्रम कधी बदलायचा नाही. "पाठ दाखव," हे त्यांचं पालुपद. डबी असो, बाटली असो, नाहीतर सूट घालून आलेला विक्री अधिकारी असो, सगळ्यांना हीच आज्ञा.

आमचं ऑफिस वाशीला होतं. दुसऱ्यांनी बनवलेली सौंदर्यप्रसाधनं आम्ही वेबसाइटवर विकायचो, शिवाय जवळच्या एका मॉलमध्ये आमचं दुकान होतं. असं विकणारे पैशाला पासरी झाल्यावर आमचे मालक निनाद सर यांच्या डोक्यातून हिरवं पान निघालं. ज्या ब्रँडचा माल माणसाला, जनावराला आणि पाण्याला त्रास न देता बनतो, त्याच्या नावापुढे हिरवं पान लावायचं, म्हणजे गिऱ्हाइकाने निर्धास्त घ्यावं. पान द्यायचं की नाही हे ठरवायला घरत मॅडमना आणलं गेलं. येताना त्यांनी एकच अट घातली. प्रत्येक पानाखाली छापायचं, पाहणी : कुंदा घरत.

"नावाची काय गरज आहे, मॅडम?" निनाद सरांनी विचारलं होतं.

"पान झाडाला असतं. झाड कुठलं ते लोकांना कळायला नको?"

मी तिथे मजकूर लिहायचे. 'तजेलदार', 'मुलायम', 'निसर्गाचा स्पर्श' असले शब्द दिवसभर पाडायचे आणि संध्याकाळी सानपाड्याच्या भाड्याच्या घरी जाऊन साबणाने तोंड धुवायचे. मूळची मी सांगलीची, म्हणून मॅडम मला नावाने हाक मारतच नसत. "ए सांगली, चल," म्हणाल्या की वही-बिही न घेता निघायचं.

साठीला टेकलेली उंच, सावळी बाई. कडक इस्त्रीची सुती साडी, पायात खेळायचे बूट आणि ओठांवर गडद लाल रंग. नवरा गेल्यावर भावकीतल्या कुणीतरी त्या रंगावरून टोमणा मारला होता. दुसऱ्या दिवसापासून मॅडमनी आणखी गडद छटा घेतली. "तो होता तेव्हा मी त्याच्यासाठी लावत नव्हते. आता त्याच्यासाठी पुसू कशाला?" असं त्या मला सांगायच्या, आणि सांगताना आरशात बघून ओठ पुन्हा एकदा रंगवायच्या. मेकप करणाऱ्या बायकांना नाकं मुरडणारी पर्यावरणवादी मंडळी त्यांना अजिबात सहन व्हायची नाहीत.

खाडीकाठच्या एका आगरी गावातल्या त्या. गावाला आता तीन बाजूंनी टॉवरनी घेरलंय. त्यांची आई धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात धवले म्हणून, म्हणजे लग्नाची गाणी गाऊन, लग्न लावण्याचा मान तिचा. ती गायला बसल्याशिवाय हळद लागायची नाही. एकदा नवऱ्या मुलाच्या मामाने मांडवात दारू पिऊन धिंगाणा घातला, तर आईने गाणं तोडलं आणि गप्प बसून राहिली. पाहुण्यांनी मनधरणी केली, शेवटी मामाने पाय धरले, तेव्हा कुठे पुढची ओळ निघाली. ही हकिकत मॅडमनी मला किती वेळा सांगितली असेल! बाईने 'हो' म्हटल्याशिवाय काम पुढे जात नाही, हे त्यांनी लहानपणीच पाहिलेलं. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून तळोज्याला एका कारखान्यात रंगांच्या प्रयोगशाळेत उभी हयात घातली, पण ती सवय काही गेली नाही.

पहिल्याच महिन्यात एक ब्रँडवाले आले होते. पुठ्ठ्याच्या देखण्या खोक्यात डोळ्यांना लावायच्या चमचमत्या पावडरी, आणि खोक्यावर उडी मारणारा ससा. प्राण्यांवर प्रयोग केलेले नाहीत, याची ती खूण. तो तरुण सशाबद्दल इतक्या गहिवरून बोलत होता की माझेही डोळे पाणावले. मॅडमनी एक डबी उचलली, उलटी केली.

"ससा वाचवलात, चांगलं केलंत. हे चमकतंय ते काय?"

"मायका, मॅडम. नॅचरल आहे. हंड्रेड पर्सेंट."

"म्हणजे अभ्रक. जमिनीतून खणून काढतात. कोण खणतं?"

"आमचा व्हेंडर आहे ना..."

"व्हेंडर खणत नाही. कोण खणतं ते विचारतेय मी. बारीक भोकात शिरायला बारीक पोरं लागतात, म्हणून विचारतेय."

तो म्हणाला, विचारून सांगतो. "सावकाश सांगा, मला कुठं जायचंय," असं म्हणून मॅडमनी डबी परत केली. त्याने कधी सांगितलं नाही आणि मॅडमनी पान दिलं नाही. खोक्यावरचा ससा मात्र मला आवडला होता. मी तो कापून टेबलाला चिकटवला, तर त्यांनी त्याच्याखाली पेनने लिहिलं, 'आणि पोर?'

त्यांच्या परीक्षेचा दुसरा पेपर सानपाड्याचा भंगारवाला काढायचा. पावडर संपली की रिकामी डबी घेऊन त्या त्याच्याकडे जायच्या. तोही आता सरावला होता. डबी बघून म्हणायचा, "मॅडम, इसमें काच भी है, प्लास्टिक भी है, ऊपर से चुंबक. कौन तोडेगा?" मॅडम तिथूनच निनाद सरांना फोन लावायच्या. "भंगारवाला नको म्हणतो. मग ही डबी कुठं जाणार? खाडीत. पान नाही." सर म्हणायचे, मॅडम, त्यांच्याकडे रिसायकलेबलचं सर्टिफिकेट आहे. मॅडम म्हणायच्या, मग सर्टिफिकेट देणाऱ्यालाच सांग घेऊन जायला. मी शेजारी उभी राहून हसू दाबायचे, आणि भंगारवाला उगाचच छाती काढून उभा राहायचा.

पण हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. खरी लढाई झाली ती गुलाबी डबीवरून. ब्रँडचं नाव मी सांगणार नाही, त्यांच्या वकिलांना काम कशाला द्या! बडं प्रस्थ, रंग अप्रतिम आणि जाहिराती त्याहून अप्रतिम. दिवाळीला त्यांचा माल आमच्याकडे पानासकट लागला तर निनाद सरांचं भलं होणार होतं. म्हणून तळोजा भागातल्या त्यांच्या कारखान्यावर पावसाळ्याआधीच पाहणीचा दिवस ठरला. कळवून जाणं मॅडमना पसंत नव्हतं, पण सरांनी परस्पर कळवून टाकलेलं.

तिथे पाहुण्यांच्या खोलीत काजू, बिस्किटं आणि नारळपाणी मांडून ठेवलं होतं. मॅडम नारळपाणी प्यायल्या, काजूंना हात लावला नाही, आणि "जेवण बायकांबरोबर कॅन्टीनला," असं जाहीर केलं. मग आम्ही भरणीच्या खोलीत गेलो. ओळीने बायका बसलेल्या, पावडर दाबून डबीत बसवायचं काम. प्रत्येकीच्या हातात पांढरे मोजे, तोंडावर मास्क. मला तर सगळं झकास वाटलं. मॅडमनी पहिल्या बाईला मोजा काढायला सांगितलं. तिच्या मनगटावर काळ्याभोर कातडीत फिकट वळी उठली होती. दुसरीच्या तशीच. तिसरीच्याही.

"बांगड्या कधी उतरवल्या गो?"

सुपरवायझर पुढे झाला. "मॅडम, आपल्याकडे स्ट्रिक्ट रूल आहे. बांगडी फुटून मालात जाऊ शकते, म्हणून अलाउडच नाय."

"नियम बरोबर आहे. मी कधीपासून ते विचारलं."

मास्कच्या घड्याही पाकिटातून काढल्यासारख्या ताज्या होत्या आणि मोज्याच्या आत नखांच्या कडा गुलाबी. मॅडम काही बोलणार, एवढ्यात कोपऱ्यातल्या गोदामाच्या बंद दारामागून किणकिण आली. काचेची. सगळ्या बायका एकदम जास्तच मन लावून काम करायला लागल्या.

"मांजर असेल," सुपरवायझर म्हणाला.

"मांजरीला चुडा कोनी भरला?" मॅडम म्हणाल्या. त्यांची भाषा गावाकडे वळली की समजायचं, आता त्या ऐकणार नाहीत. त्यांनी दार ढकललं.

आत पुठ्ठ्याच्या खोक्यांवर एक नवी नवरी बसली होती. अंगाची हळद पुरती उतरली नव्हती आणि हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा. मॅडमना बघून ती दचकून उभी राहिली, तशी आणखी किणकिण झाली.

"तुना इथं कोनी बसवलं?"

"सायबानी. सगल्यांना बांगड्या उतरवायला लावल्या. मी नाय बोलले. आत्ताच तं लगीन झालंय माजं, आत्या. चुडा कसा उतरवू? मंग बोलले, मॅडम जाईपर्यंत भायेर यायचं नाय."

"आनि हे हातमोजे, मास्क?"

"सकाळीच आनलं. सांजला परत द्यायला सांगलंय."

तिचं नाव प्रणाली, मॅडमच्याच गावात दिलेली. या पोरीने खोटं नाकारलं नव्हतं, फक्त चुडा उतरवायला नकार दिला होता. पण एका दिवसासाठी नियम पाळायचा म्हणून नव्या नवरीच्या चुड्याला हात घालावा, हा गाढवपणा त्या हुशार लोकांना भोवला. नंतर मॅडमनी रंगाची भांडी धुतलेलं पाणी साफ करायची टाकी बघायला मागितली. टाकीला बाहेरून ताजा हिरवा रंग दिला होता, आत कोळ्याने जाळं विणलं होतं. मग पाणी कुठे जातं, हे विचारल्यावर सुपरवायझर म्हणाला, जेवायची वेळ झाली. जेवलो मात्र आम्ही कॅन्टीनलाच. आमटी चांगली होती, आणि तेही मॅडमनी त्यांना सांगितलं.

परतताना गाडीत त्यांनी गुलाबी डबीतला रंग मनगटावर लावून उन्हात धरला. "काय रंग काढलाय! बनवणारा कसबी आहे." मग खाडी आली तशी काच खाली करून पाण्याचा रंग बघायला लागल्या.

पान मिळालं नाही. मोजे आणि मास्क रोज द्या, टाकी चालू करा, अभ्रक कुठून येतं ते सांगा, मी न कळवता पुन्हा येईन आणि तेव्हा देईन, असं मॅडमनी कळवलं. यात अवघड काय होतं? पण कारखान्याने सोपा उपाय काढला. प्रणालीला 'उद्यापासून येऊ नको' म्हणून सांगितलं आणि बाकीच्या बायकांत पुडी सोडली की घरत बाईमुळे भरणीची लाइन बंद पडणार.

रविवारी मी मॅडमकडे जेवायला गेले होते. त्या वाशीच्या घाऊक बाजारातून, एपीएमसीतून, आणलेली चिकूची पेटी उपसत होत्या, खालच्या थरातले आधी, त्यांच्या रिवाजाप्रमाणे. तेवढ्यात कारखान्यातल्या त्या बायका आल्या, बहुतेक मॅडमच्याच गावच्या. दारात चपलांचा ढीग झाला. पुढे होती ती एक वयस्क बाई, नात्याने मॅडमची वहिनी.

"कुंदे, तुजं पोट भरलंय. आमच्या पोटावर कशाला पाय देतेस?"

"मी नाय देत. जो हातमोजा सांजला परत घेतो तो देतो."

"आमी तक्रार केली का तुज्याकडं?"

"नाय केलीस. खोकतेस मात्र. परवा हळदीला गाताना तुजा दम लागला, मी बघितलं नाय? भुगा गुलाबी हाय म्हनून छातीत जाऊन गोड लागतो का?"

वहिनी चिडली. हातवारे झाले, जुनी भांडणं निघाली, कुणाच्या तरी बांधावरच्या आंब्यापर्यंत विषय गेला. मॅडम हटल्या नाहीत आणि बायकाही पटल्या नाहीत. पण चहा सगळ्यांनी घेतला आणि जाताना प्रत्येकीच्या पदरात चिकू पडले. प्रणाली शेवटपर्यंत उंबऱ्यात उभी होती. तिची नोकरी गेली होती, त्यामुळे तिला कुणी बोलूही देत नव्हतं. निघताना ती एवढंच म्हणाली, "आत्या, आता हो बोलू नका."

"नाय बोलनार," मॅडम म्हणाल्या.

दिवाळीच्या तोंडावर एका दुपारी आम्ही डबा उघडून बसलो होतो आणि मॅडमचा फोन वाजला. प्रणाली होती. तिचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"आत्या, तुमी पान दिलंत?"

"कोनी सांगलं?"

"मोबाइलवर दिसतंय. खाली तुमचं नाव हाय."

मॅडमनी डब्याचं झाकण लावलं. मी वेबसाइट उघडली. गुलाबी डबी, तिच्या डोक्यावर हिरवं पान आणि खाली, पाहणी : कुंदा घरत. मला न विचारता मजकूरही कुणीतरी लिहिला होता. 'जबाबदारीचा रंग'. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मॅडम सरळ निनाद सरांच्या केबिनमध्ये शिरल्या आणि मी मागोमाग.

"मॅडम, बसा ना. बघा, तो टीमचा डिसिजन आहे. त्यांनी प्रॉमिस केलंय, पुढच्या वर्षीपर्यंत सगळं करणार. थोडं प्रॅक्टिकल व्हा."

"टीमचा निर्णय असेल तर टीमचं नाव टाक."

"असं कसं? तुमच्या नावाला वजन आहे, मार्केटमध्ये लोक ओळखतात."

"म्हनून तं ते माजं हाय! गोदामात कोंडलेल्या पोरीनं तुज्या कंपनीची वेबसाइट उघडली आनि खाली माजं नाव वाचलं. तिला काय सांगू? टीम?"

"टेन्शन घेऊ नका, आपण बसून बोलू."

"मी बसलेच हाय. माज्या समोर काढ. नाव निघेपर्यंत मी हितून उठनार नाय."

आणि त्या खरंच उठल्या नाहीत. सरांच्या बैठका त्यांच्यासमोर झाल्या, फोन झाले, चहा आला आणि निवला. मॅडम भिंतीकडे तोंड करून नव्हे, सरांकडे तोंड करून बसल्या होत्या. आईने मांडवात गाणं तोडून बसावं तशा. दिवस कलताना सरांनी माणसाला बोलावून नाव काढायला लावलं. पान तसंच राहिलं, खाली 'पाहणी : आमची टीम'. ते वाचून मॅडम उठल्या, पर्समधून लिपस्टिक काढून सरांच्या काचेच्या दारात बघत ओठ रंगवले आणि म्हणाल्या, "झाड निघालं. आता पान किती दिवस हिरवं राहतं बघ." मग पायऱ्या उतरून गेल्या. त्यांचा कप अजून माझ्या टेबलावर आहे.

त्यानंतर मला वाटलं, संपलं. बाई आता चिकू निवडतील, आईसारखे धवले म्हणतील, वहिनीशी भांडतील. दिवाळीच्या आधीच्या शनिवारी दुकानाच्या पाट्या तपासायला मला मॉलमध्ये पाठवलं. गुलाबी डबीच्या काउंटरवर माणसाएवढं हिरवं पान उभं केलं होतं आणि शेजारी उंच खुर्ची. 'मोफत मेकप करून घ्या'. खुर्चीत घरत मॅडम बसल्या होत्या. निळी पैठणी, पायात तेच बूट. गळ्याभोवती टॉवेल, डोळे मिटलेले आणि एक कोवळी मुलगी त्यांच्या डाव्या पापणीवर चमचमती पावडर लावत होती.

"हात हलका आहे गं तुझा," मॅडम म्हणत होत्या, पण असा आवाज लावून की समोरच्या कपड्यांच्या दुकानातही ऐकू जावं. "आता सांग, ही चमक येते ती अभ्रकाची. ते कोण खणतं?"

"मला नाही माहीत, मॅडम."

"तुला नसणारच. तुझ्यावर राग नाही माझा. हे पान सांगतं ना सगळं चांगलंय, म्हणून पानाला विचारतेय. ज्या बाईनं ही डबी भरली तिला हातमोजा होता का? भांडी धुतल्याचं पाणी कुठं गेलं? टाकीत कोळी राहतो, मी स्वतः बघून आलेय."

खरेदीला आलेल्या बायका थबकल्या. दोघी-तिघींनी हातातल्या डब्या उलट्या केल्या. एकीने विचारलं, "तुम्ही कुठे बघितलं?" आणि मॅडमनी डोळे न उघडता सगळं सांगितलं, बांगड्यांच्या वळ्यांपासून ते प्रणालीपर्यंत. "लगनाचा चुडा उतरवला नाय म्हनून कोंडली पोरीला. आनि खरं सांगलं म्हनून कामावरनं काढली." दुकानाचा मॅनेजर धावत आला. त्याने मला ओळखलं आणि माझ्याकडे आशेने पाहिलं. मी जागची हलले नाही.

"मॅडम, प्लीज उठा. कस्टमर डिस्टर्ब होतायत."

"मी पण कस्टमर. अर्धा चेहरा झालाय, उरलेला करा, मग उठते."

"मॅडम, सिक्युरिटी बोलवावी लागेल."

"बोलाव. त्यालाही सांगते."

सिक्युरिटीवाला आला. तो बिचारा खुर्चीपाशी येऊन नुसता उभा राहिला, त्याच्या आईच्या वयाच्या बाईला हात कुठे लावायचा! मुलीने ब्रश खाली ठेवला. तिचे डोळे भरले होते. ते बघून मॅडम स्वतःच उठल्या, टॉवेल घडी करून तिच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "तुझी नोकरी जायला नको. काम चांगलं करतेस." मग पदर सारखा केला आणि मधल्या रस्त्याने चालत निघाल्या. डावा डोळा लखलखीत, डावा गाल गुलाबी. उजवी बाजू निव्वळ घरत मॅडमची. लोक वळून वळून बघत होते आणि त्या कुणाचीही नजर चुकवत नव्हत्या.

मी त्यांना बाहेर बसस्टॉपवर गाठलं. त्या गावी निघाल्या होत्या, घाईच्या काढीव मुहूर्तावरच्या एका हळदीला संध्याकाळी धवले म्हणायचे होते. वहिनीचा दम पुरत नव्हता म्हणून तिनेच बोलावणं धाडलं होतं, भांडण बाजूला ठेवून. मी पर्समधून रुमाल काढला.

"पुसून देऊ?"

"कशाला? बघू देत."

प्रणालीला अजून परत घेतलेलं नाही, मी त्यांना सांगितलं. ठाऊक आहे, त्या म्हणाल्या. पान अजून तसंच आहे, तेही ठाऊक होतं. या बाईसाठी मला त्या क्षणी कुणाशीही भांडायला आवडलं असतं.

बाकावर पिशव्या सांभाळत एक बाई बसली होती. पिशवीतून गुलाबी खोकं डोकावत होतं. ती मघापासून मॅडमच्या तोंडाकडे चोरून बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"ताई, रागावू नका हां. पण मेकप अर्धाच का केलाय?"

समोर बस येऊन उभी राहिली. मॅडमनी बसकडे पाहिलं, त्या बाईच्या पिशवीकडे पाहिलं, आणि बाकावर सरकून बसत म्हणाल्या, "ते खोकं जरा उलटं कर. सांगते."

बस गेली. त्या दोघींनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.